ताट धुऊन प्यायचं पाणी

लातूर जिल्हा नवा झाला त्याच सुमाराला मी उदगीरहून पुण्याला शिकायला निघाले. पावसाचा पत्ता नव्हता. मोटार स्टँडवर आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, माझी ट्रंक टपावर चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "ताट धुऊन पी गं पोरी. तितं गेली म्हून सवय मोडू नको." आम्हा लिंगायतांत जेवण झालं की ताटात पाणी ओतायचं, बोटांनी ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. अन्नाचा कणही वाया जायला नको. दुष्काळात तर पाण्याचा थेंबही नको.

हॉस्टेलच्या मेसमध्ये पहिल्याच जेवणाला मी तेच केलं. समोरच्या मुलीनं शेजारणीला कोपर मारलं. "तुमच्याकडे खरकटं पितात?" तिनं हसून विचारलं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. दुसऱ्या दिवसापासून ताट तसंच ठेवून उठायला लागले.

वर्गात इंग्रजीच्या बाई आमच्याकडून घोकून घेत. 'अँग्री'पुढे माणूस आला तर 'विथ', 'अफ्रेड'पुढे 'ऑफ', 'अ‍ॅशेम्ड'पुढेही 'ऑफ'. मराठीत नुसतं 'लाज वाटली' म्हटलं की भागतं, कोणाची ते कोणी विचारत नाही. बाई मात्र विचारायच्या. मी भराभर वाक्यं पुरी करायची आणि शाबासकी घ्यायची.

दिवाळीआधी आप्पा भेटायला आले. धोतर, टोपी, कपाळावर भस्म. मेसमध्ये जेवले, आजूबाजूला सगळ्या मुली. जेवण झाल्यावर त्यांनी पाण्याचा जग उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे! जग खाली ठेवून म्हणाले, "पोट लई भरलं गं." आणि ताट बाजूला सारलं. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून जात नाही.

आता मीच कॉलेजात 'अ‍ॅशेम्ड'पुढचं ते 'ऑफ' शिकवते. मुलं उदाहरण मागतात. मी कॉपी करताना पकडलेल्या पोराचं देते आणि पुढे सरकते. माझ्या घरी मी ताट धुऊन पिते. लेक नाक मुरडते, तर मुरडू दे बापडी.

यंदा उदगीरला गेले. आप्पा फार थकलेत. शेजारी बसून जेवलो. त्यांचं आधी झालं.

"ताट धुवायचं न्हाई का, आप्पा?" मी विचारलं.

"पोट लई भरलं गं," म्हणाले, आणि ताट सारलं.

मी दही आणायच्या निमित्तानं आत गेले. परतताना पाहते तो आप्पांनी ताट पुन्हा पुढे ओढलेलं. दाराकडे पाठ करून, घाईघाईनं धुऊन पीत होते.

गावात राहिलेले आणि गाव सोडून गेलेले, दोघंही विचारतात, तुझं घर आता कुठलं? हेच. इथं माझे वडील स्वतःच्या घरात माझ्यापासून लपून पाणी पितात. त्यांचं पिऊन होईपर्यंत मी दही घेऊन दाराआडच उभी राहिले.