आत्याबाईंना दिसू लागलं ते वर्ष

मी लग्न होऊन सासरी आले तेव्हा माझ्या सासूबाईंना माणसांचे चेहरे दिसत नव्हते. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. उंबरा ओलांडल्यावर त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, हनुवटी चाचपली, कानातल्या फुलांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "नाक चांगलं हाये." मला वाटलं, इकडची लाड करायची रीत असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भिंतीला हात लावत लावत चुलीपाशी आल्या, तेव्हा मला कळलं.

माझं माहेर पैनगंगेकाठचं, किनवटच्या बाजूचं. सासर तेव्हाच्या आंध्रात, आदिलाबाद जिल्ह्यात, नेरडीगोंड्यापासून थोडं आत, सडकेवरून पायी जाता येईल इतक्यावर. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मामंजी मी येण्याआधीच वारले होते. घरात सासूबाई, माझे मालक आणि मी. सासूबाईंना मी आमच्या रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणायची.

कापूस-ज्वारीचं शेत मालक पाहायचे. त्याशिवाय ओढ्याकाठी विहिरीला लागून भाजीपाल्याची एक वाडी होती. ती आत्याबाईंची. त्यांनीच ती दगड वेचून, माती टाकून उभी केली होती, म्हणून मामंजींनी हयातीतच तिचा पट्टा त्यांच्या नावावर करून दिला होता. गावात तेव्हा बाईच्या नावावर जमीन म्हणजे लोक हसायचे. डोळे गेल्यावर वाडी शेजाऱ्याला बटईनं दिलेली होती. तो आठवड्याला टोपलीभर भाजी आणून द्यायचा. आत्याबाई एकेक वांगं हातात घेऊन दाबून पाहायच्या आणि म्हणायच्या, "पाणी उशिरा देऊन राह्यला हा."

बाकी दिवसभर त्या ओसरीवर बसून असायच्या. ज्या बाईनं चाळीस वर्षं पहाटे उठून पाणी धरलं, तिला सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका जागी बसलेलं पाहणं मला जड जायचं. मी तांब्या पुढे केला तर नको म्हणायच्या. पुढे माझ्या लक्षात आलं. पाणी प्यायलं की परसात जावं लागतं, आणि परसात जायचं म्हणजे कुणाला तरी हाक मारावी लागते. म्हणून त्यांनी पाणीच कमी केलं होतं. जेवणही अर्ध्या भाकरीवर आलं होतं. पाय काटक्यांसारखे झाले होते.

आमची मुलगी दोन वर्षांची झाली त्या हिवाळ्यात मालकांनी एक बेत मांडला. आदिलाबादला त्यांच्या ओळखीत एक दुकानाची जागा मिळत होती. वाडी विकायची, दुकान घ्यायचं, सगळ्यांनी शहरात राहायचं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आई दिवसभर बसूनच असते, तर शहरात बसेल, दवाखाना तरी जवळ पडेल, एवढा साधा हिशेब.

एका दुपारी ते कागद घेऊन आले आणि आईजवळ उकिडवे बसले.

"आई, इथं अंगठा लाव."

"काय हाये हे?"

"सांगतलं ना काल. वाडीचं."

आत्याबाईंनी कागदावरून बोटं फिरवली. "मले काई दिसून नाई राह्यलं याच्यात. दिसल तवा लावीन."

"आता काय दिसणार हाये तुले?" मालक बोलून गेले.

आत्याबाईंनी कागद घडी घालून त्यांच्या हातात परत दिला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. मालक उठून शेतात निघून गेले.

त्यानंतर आठेक दिवसांत सडकेवरून एक जीप भोंगा लावून गेली. आधी तेलुगूत, मग मोडक्या मराठीत सांगत होती, आदिलाबादला शाळेत डोळ्यांचं शिबिर आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट, जेवण फुकट. मी अंगणात कापूस वाळवत होते. ओसरीवरून हाक आली, "काय म्हणते तो भोंगा? नीट आईक."

मी ऐकून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मले घेऊन चाल."

मालकांनी नको म्हटलं. शिबिरात कुणाचा तरी डोळाच फुटला, असं त्यांनी ऐकलं होतं. आत्याबाई म्हणाल्या, "फुटून फुटून काय फुटल रे? जे हाये ते काई कामाचं नाई." शेवटी मालकांनीच आम्हाला बसमध्ये बसवून दिलं. मुलीला नणंदेकडे ठेवलं.

शाळेला सुट्टी होती. वर्गातले बाक बाहेर काढून जमिनीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. सगळ्या जिल्ह्यातले म्हातारे-म्हाताऱ्या तिथे ओळीनं टेकले होते. कुणी मराठी बोलत होतं, कुणी तेलुगू, इंद्रवेल्लीकडून आलेले गोंडी बोलत होते. सगळ्यांच्या माना एकसारख्या थोड्या वर, जसं काही कुठून तरी आवाज येण्याची वाट पाहत आहेत. एवढी आंधळी माणसं मी एका जागी कधी पाहिली नव्हती. आमच्या गावात आम्ही समजत होतो, म्हातारपण म्हणजे हेच.

ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं. मग डोळ्यावर पट्टी, आणि उताणं पडून राहायचं. खोकायचं नाही, वाकायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. आत्याबाई लाकडासारख्या पडून राहिल्या. मी चमच्यानं खिचडी भरवायची. पाणी मात्र त्या मागून मागून पिऊ लागल्या. पहिल्यांदा त्यांनी पाणी मागितलं तेव्हा मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

पट्ट्या सोडायच्या दिवशी डॉक्टर सकाळीच आले. मोठ्या घाईत होते बिचारे. ओळीच्या त्या टोकापासून सुरुवात केली. पट्टी सोडायची, ओल्या कापसानं पापणी पुसायची, समोर बोटं धरायची आणि विचारायचं, "कितने?" एकानं सांगितलं, दुसऱ्यानं सांगितलं. तिसऱ्या जागी इंद्रवेल्लीकडचा एक म्हातारा होता. त्यानं बोटांकडे पाहिलंच नाही. तो स्वतःचे हात डोळ्यांसमोर उलटेपालटे करत राहिला आणि त्याच्या भाषेत काहीतरी मोठ्यानं बोलू लागला. भाषा कळत नव्हती, पण काय झालं ते सगळ्या वर्गाला कळलं. ज्यांच्या पट्ट्या अजून सुटायच्या होत्या त्या म्हाताऱ्यांनी त्या आवाजाकडे तोंडं वळवली. डॉक्टर क्षणभर थांबले, हसले आणि पुढच्या माणसाकडे गेले.

आत्याबाईंची पाळी आली. पापणी उघडली, मिटली, परत उघडली. डॉक्टरांनी खोक्यातून एक जाड भिंगाचा चष्मा काढून त्यांच्या नाकावर ठेवला आणि बोटं धरली.

"दोन," आत्याबाई म्हणाल्या. मग त्यांची मान माझ्याकडे वळली. बराच वेळ त्या पाहत राहिल्या.

"तू सावळी हायेस व्हय? आवाजावरून मी तुले गोरी समजत होती."

मला हसू आलं आणि रडूही. त्यांनी हात पुढे करून माझ्या पदराचं टोक पकडलं.

"हे लुगडं कोन्त्या रंगाचं हाये?"

"निळं, आत्याबाई."

"निळं असं असते?" त्यांनी टोक चष्म्याजवळ नेलं. "मी इसरूनच गेली होती व माय."

मग त्यांनी भिंतीवरचा फळा पाहिला. सुट्टीआधी कुणी गुरुजींनी लिहिलेली तेलुगू अक्षरं त्यावर तशीच होती. "हे काय जिलब्या काढल्या?" असं त्यांनी विचारलं तेव्हा शेजारची तेलुगू बाईसुद्धा हसली. न कळताच हसली असावी.

आम्ही बसनं परत निघालो. सडकेच्या दोन्ही अंगाला कापूस फुटलेला होता. मी जन्मभर कापूस पाहत आले, वेचत आले. कापूस म्हणजे पाठदुखी, एवढंच माझ्या डोक्यात. आत्याबाई खिडकीला चिकटून बसल्या होत्या आणि मधूनच माझा हात दाबत होत्या. त्यांच्यासोबत पाहताना मलाही तो पांढरा रंग उन्हात लखलखताना दिसला.

घरी आल्यावर मुलगी आजीला पाहून पळाली. भिंगाआडून आत्याबाईंचे डोळे बशीएवढे दिसत होते. त्यांनाही सोपं गेलं नाही. दाराची चौकट वाकडी दिसायची, पायरी होती त्यापेक्षा जवळ वाटायची. दोनदा धडपडल्या. मग त्यांनी स्वतःच उपाय काढला. रोज सकाळी ऊन पडलं की काठी घेऊन अंगणात फेऱ्या मारायच्या, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग मारुतीच्या पारापर्यंत. थकल्या की पारावर बसायच्या, पाणी प्यायच्या, परत यायच्या. भाकरी अर्धीची एक झाली. डॉक्टरांनी वाकायची परवानगी दिली, त्या दिवशी त्या वाडीपर्यंत पोचल्या.

मी मागोमाग होते. वाडीत निम्म्या जागेत गाजरगवत माजलं होतं. विहिरीच्या काठाचे दगड ढासळले होते. आत्याबाई बांधावरून सगळी वाडी फिरल्या. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी काठी बाभळीला टेकवून ठेवली, लुगड्याचा ओचा खोचला आणि गवत उपटायला बसल्या.

संध्याकाळी मालक घरी आले तेव्हा त्या म्हणाल्या, "कागद आन. आता दिसते मले."

मालकांनी कागद आणला. आत्याबाईंनी तो उजेडात धरून पाहिला. वाचता येत नव्हतंच त्यांना. मग बाजूला ठेवला.

"पाह्यला. वाडी पन पाह्यली. विकायची नाई. मी करतो."

"या वयात? तुह्यानं होईन काय ते?"

"सारी नाई होणार. निम्मी बटईवाल्याकडं राहू दे, निम्मी मी करतो. सून येईन सकाळची घडीभर. तुले दुकानाचं वाईट वाटन, मले ठाऊक हाये. पन माह्या हातात काई नसलं ना, तर मी परत आंधळी झाली असं समज."

मालक दोन-तीन महिने घुश्शात होते. आईशी बोलायचे, पण कामापुरतं. मग उन्हाळ्याच्या तोंडी विहिरीचे दगड नीट बसवायची वेळ आली तेव्हा कुणी न सांगता स्वतःच येऊन कामाला लागले. दुकानाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आत्याबाईंनी वांगी लावली, मेथी, अंबाडी, मिरची लावली. नेरडीगोंड्याच्या बाजारात पोत्यावर भाजी मांडून बसू लागल्या. गिऱ्हाईकं बहुतेक तेलुगू. त्यांना तेलुगू येत नव्हतं, ते त्या साठीत शिकल्या. "अव्वा, वंकाया एंता?" म्हणजे आजी, वांगी कशी, असं कुणी विचारलं की वांग्याचा भाव तेलुगूत सांगायच्या, घासाघीस मराठीत करायच्या. आपल्या कमाईतनं त्या बसचं तिकीट काढायच्या, औषध घ्यायच्या, उरेल ते पोस्टात टाकायच्या. चष्म्याची काडी तुटली तेव्हा मालक नवी आणतो म्हणाले, तर त्यांनी स्वतः जाऊन बसवून घेतली. नातीला बांगड्या घेताना त्यांच्या तोंडावर जे यायचं, ते ओसरीवर बसलेल्या म्हातारीच्या तोंडावर मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात जीप परत भोंगा लावून गेली. आत्याबाईंचा दुसरा डोळा व्हायचा होता. मी बसच्या दिवशी सकाळी दशम्या बांधल्या आणि सडकेवर आले, तर तिथे एवढी माणसं. आमच्या गावच्या चार म्हाताऱ्या, शेजारच्या वस्तीवरचे एक आजोबा, बाजारात त्यांच्या बाजूला बसणाऱ्या तेलुगू बाईची सासू. सगळ्यांनी एकमेकांचे पदर, सदरे धरलेले. पुढे आत्याबाई. वर्षभर बाजारात बसून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारलं होतं, तुमच्याकडं कोन बसून हाये? काऊन बसून हाये?

बस आली. कुठं जायचं म्हणून कंडक्टर दारातून ओरडला, "अव्वा, एक्कडिकी?"

"आदिलाबाद! अंदरू!" आत्याबाई म्हणाल्या. सगळे, म्हणजे ही सगळी. आणि एकेकाचा पाय पायरीवर ठेवून द्यायला स्वतः खाली उभ्या राहिल्या. मी टोपली घेऊन नुसती पाहत होते. वर्षापूर्वी यांना परसात जायला हाक मारायची लाज वाटत होती.

त्यानंतर त्या बारा-तेरा वर्षं वाडी करत होत्या. नव्वदच्या दशकात एका साली कापसाला अळी पडली, बोंडं नुसती काळी झाली. त्या वर्षी आमचं घर, मुलीची फी, सगळं वाडीवर चाललं. मालकांनी एकदाच, जेवताना, मान खाली घालून म्हटलं, "बरं झालं आई, तू अंगठा नाई लावला." आत्याबाईंनी त्यांच्या ताटात भाजी वाढली.

एका वर्षी पावसाळा उतरताना त्यांनी कुंतालाचा धबधबा पाहायचा हट्ट धरला. घरापासून एवढ्या जवळ, पण त्या जन्मात तिकडे गेल्या नव्हत्या. कामातून वेळ कुठे होता? मुलगी आणि मी घेऊन गेलो. पायऱ्या पुष्कळ होत्या. त्या बसत बसत, गुडघ्यावर हात ठेवत उतरल्या. खाली आल्यावर पाण्याचे तुषार चष्म्यावर उडू लागले. त्या चष्मा काढायच्या, पदरानं पुसायच्या, लावायच्या, परत काढायच्या. नात म्हणाली, "आजी, लई भिजशील, मागं हो."

"भिजू दे व," त्या म्हणाल्या. "तू मले नीट पाहू दे."

आम्ही दोघी त्यांच्या मागे उभ्या राहिलो. ऊन कलेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.