फेर्मिनचा पापुद्रा

फेर्मिन आर्यागाबद्दल मी लिहावं की नाही, हे मला अजून कळत नाही. पण त्याला ओळखणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

एकोणीसशे साठच्या सुमाराला लॉस एंजेलिसच्या एका विद्यापीठात, तळघरातल्या प्रयोगशाळेत मी कारकून होतो. खाऱ्या पाण्यातलं मीठ अडवणारा पापुद्रा तिथे बनवत. फेर्मिन आधी भिंतींना गिलावा करायचा. प्राध्यापक हॉल्वरसननी त्याला त्या हातासाठीच ठेवलं होतं. काचेवर चिकट द्राव ओतायचा, पातं एकाच दमात ओढायचं, थोडं थांबून काच बर्फाच्या पाण्यात सोडायची.

पापुद्रा कधी मीठ अडवी, कधी खुशाल जाऊ देई. कारण सापडेना. एका दुपारी टॉर्टियाच्या पोळीत घेवडा गुंडाळता गुंडाळता फेर्मिन म्हणाला, "कारकूनसाहेब, तुमचे शिकलेले लोक पापुद्रा उलटा बसवतात. त्याला तोंड असतं. काचेवर ओतताना हवेकडे असलेली बाजू खाऱ्या पाण्याकडे हवी."

मग त्याने प्राध्यापकांना करून दाखवलं. त्यानंतर एकही पापुद्रा फसला नाही.

प्रयोगवहीच्या प्रत्येक पानाखाली साक्षीदाराची सही लागे. ती माझी असे. त्या दिवशीच्या पानावर प्राध्यापकांच्या सहायकाने लिहिलं होतं, 'आमच्या लक्षात आले.' फेर्मिनचं नाव घाला, असं ओठांवर आलं होतं. सही करून मी वही परत दिली.

पुढे एका कंपनीने हक्क घेतले. पेटंटवर आपलं नाव यावं, एवढंच फेर्मिनचं मागणं होतं. प्राध्यापकांनी तसा शब्दही दिला होता. कंपनीच्या वकिलाने आम्हा दोघांना बोलावलं. फेर्मिनने माझ्याकडे बोट दाखवलं. "याला विचारा. पहिल्यांदा यालाच सांगितलं होतं."

वकिलाने ते पान माझ्यापुढे सरकवलं. "सही तुमची?"

"हो."

"वाचून केलेली?"

"हो."

त्याने आणखी काही विचारलं नाही. प्राध्यापक खिडकीबाहेर बघत होते. फेर्मिनचं नाव न घेता मी पान परत सरकवलं. पेटंट प्राध्यापक आणि सहायक या दोघांच्या नावे निघालं. फेर्मिन त्यात नव्हता.

कारखान्यात पापुद्रे बनवायचं यंत्र बसलं, तेव्हा मात्र कंपनीने त्यालाच बोलावलं. तीन दिवस इंजिनियर हातात घड्याळ घेऊन त्याच्याशेजारी बसला. फेर्मिनने सगळं नीट शिकवलं. चौथ्या दिवशी त्याची गरज संपली.

मी म्हटलं, एखादी गोष्ट गाळायची होतीस.

"ते पाणी पिणाऱ्यांनी माझं काय वाईट केलंय?" तो म्हणाला. बराच वेळ बूट पुसत राहिला. "वाईट केलंस तू. आणि तुझ्याकडे बघून धड रागही येत नाही."