दीड शेराचे दोन आणे

मथुरा माझी जोडीण. एका उखळात दोघींची मुसळं. एक वर गेलं की दुसरं खाली. जरा चुकलं तर हातच ठेचायचा. नऊ वर्षं आम्ही हरिश्चंद्रशेटच्या पडवीत भात कांडलं, पण मुसळाला मुसळ कधी लागलं नाही. भांडण मात्र रोज! ती तिखट, आणि मीही काही कमी नव्हते.

शेटचं रत्नागिरीच्या पेठेत तांदळाचं दुकान, मागे पडवीत आम्ही बारा कांडपिणी. दिवसभराच्या कांडपाला दीड शेर तांदूळ, ही रीत त्याच्या बापापासूनची. मग ती जर्मनीची मोठी लढाई झाली. लढाई संपून चार वर्षं झाली तरी भाव काही उतरेनात. रुपयाला बारा शेर मिळणारा तांदूळ सहा शेरांवर आला. घासलेट महाग, मीठ महाग, लुगड्याला तर हात लावायची सोय नाही. आमचे नवरे मुंबईला गिरणीत, मनिऑर्डर आली तर आली. चूल पेटायची ती त्या दीड शेरावर.

एका सकाळी शेट पडवीत येऊन म्हणाला, "आजपासून तांदूळ नाही, रोख. दीड शेराचे दोन आणे. जुनाच भाव धरलाय, कुणावर अन्याय नको."

आता माझा गाढवपणा ऐका. पहिली "होय शेट" म्हणाले ती मीच! रोख पैसा हाताला कधी लागायचा नाही. वाटलं, चला, आपणही पगारदार झालो. संध्याकाळी दोन आण्यांची चवली पदराला बांधून मी ऐटीत निघाले.

मथुराने आपली चवली उलटीसुलटी करून पाहिली. "चल गो चिमा," ती म्हणाली.

"कुठे?"

"तांदूळ आणायला. घरी काय ही चवली शिजत घालशील?"

वळसा घालून ती सरळ दुकानाच्या पुढच्या दारी गेली. कचेरीतले कारकून, मांडवी बंदरातले खलाशी, गिऱ्हाइकांची ही गर्दी! तिने चवली फळीवर आपटली. "दीड शेर तांदूळ द्या."

गल्ल्यावरचा दिवाणजी म्हणाला, "दोन आण्यांत पाऊण शेर येतात."

"आँ? सकाळी शेटच म्हणाले, दीड शेराचे दोन आणे. मागच्या दारी एक भाव आणि पुढच्या दारी दुसरा?"

मी तिचा पदर ओढला, "अगो, पोटावर पाय आणशील." आणि बोलता बोलताच माझ्या टाळक्यात उजेड पडला. पाऊण शेर म्हणजे निम्मेच की! मेल्याने माझ्या पोरांच्या तोंडचा अर्धा घास काढून घेतला होता आणि मी त्याला हसून होय म्हणाले होते. असा संताप आला! मी पदराची गाठ दातांनी सोडली आणि माझीही चवली फळीवर आपटली. एकेक करून बाराही जणी आल्या. कुणी जागची हलेना. मागे गिऱ्हाइकं खोळंबली, कारकून हसायला लागले.

शेट लाल होऊन बाहेर आला. "घ्या, घ्या तांदूळ! उद्यापासून पुन्हा दीड शेर. पण ही मथुरा उद्या माझ्या पडवीत दिसता कामा नये."

मथुराने तांदूळ ओटीत घेतले. "दिसेन," एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी आली ती मुसळ घेऊनच. राजापूरकडून गलबताने आलेलं भात पडवीत छपराला टेकलेलं, आणि दुकानात तांदूळ संपत आलेला. शेट दारात आडवा उभा राहिला. "तू नाही. बाकीच्या आत या."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. घरात कालच्या तांदळातली मूठभर कणी उरली होती. पण काल पहिली होय म्हणणारी मी होते, आज पहिली नाही म्हणायची पाळीही माझीच.

मी म्हटलं, "मग माझ्यासमोर मुसळ कोण धरणार शेट? तुम्ही?"

बायका खो खो हसल्या. हसून झाल्यावर मुसळं भिंतीला टेकवून सगळ्या अंगणात बसल्या. ऊन डोक्यावर येईपर्यंत पडवीत एक घाव पडला नाही. शेवटी शेट दारातून बाजूला झाला. मथुरा मुसळ उचलून पहिली आत शिरली.

संध्याकाळी घरी पोरांनी दुसऱ्यांदा भात मागितला. मी वाढला.