बादलीखालचं तोंड

बादल्यांना कड्या बसवणारा होता तो. प्लास्टिकच्या बादलीत कडी अडकवायची, एक हिसका द्यायचा, निघाली नाही तर पुढे ढकलायची. साधा माणूस हो, पण फुटबॉल म्हटलं की ह्याचं डोकं फिरायचं. अंतिम सामन्याला सुट्टी मिळेना, तेव्हा पठ्ठ्याने साहेबांना खुशाल सांगितलं, "आई फार आजारी आहे." आई घरी चांगली ठणठणीत! त्याची पाळी शेजारच्या मशीनवरच्या मावशीने घेतली. तिची मुलगी दोन वर्षांनी नेमकी त्याच दिवसापुरती घरी आली होती. तरी म्हणाली, "जा रे बाबा, आई एकदाच मिळते."

मैदानात बडवायला हा कारखान्यातलीच बादली घेऊन गेला, आणि कॅमेरा नेमका ह्याच्यावर! मोठ्या पडद्यावर आपलं थोबाड येतंय, साहेबांनी बघितलं तर? सुचलं काय, तर बादली डोक्यावर पालथी घातली. लोक ओरडले, "नाच, नाच!" आणि हा मेला नाचला. बादलीवरचं कंपनीचं नाव घरोघरी पोचलं.

झालं! कंपनीला आभाळ ठेंगणं. जाहिरातीचं बघणाऱ्या बाईंनी संघाच्या रंगाच्या बादल्या काढायला लावल्या, वर नाचणाऱ्या बादलीवाल्याचं चित्र. गेटवर फलक लागला : 'हा कोण? समोर या, बक्षीस घ्या.' आणि त्या बादल्यांना कड्या कोण बसवतोय? हाच! मावशी रोज विचारायची, "आई कशी आहे रे?" "बरी आहे," म्हणताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण मावशीला कळेल ही त्याहून मोठी.

शेवटी बिंग फोडलं आईनेच. टीव्हीवर बादलीखालचे हातपाय दिसले आणि तिने ओळखलं, हे कार्टं आपलंच. जेवणाच्या सुट्टीत जाहिरातवाल्या बाईंना घेऊन ती कारखान्यात हजर. "हा घ्या तुमचा बादलीवाला! माझा मुलगा!"

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मावशीने नाही. ती हात पुसत पुढे आली. "पण सामन्याच्या दिवशी तर तुम्ही आजारी होतात ना?"

"मी? मला काय धाड भर..." आई थांबली. मुलाची मान खाली गेलेली तिने पाहिली. मग हळूच म्हणाली, "होते बाई, फार होते. मीच ह्याला म्हटलं, जा, माझ्यापाशी बसून काय करणार."

मावशीने मान डोलावली. "बरं झालं हो. मुलगी हिरमुसून गेली माझी, पण तुम्ही बऱ्या झालात, यातच आलं."

आईला खोटं बोलताना त्याने आजवर पाहिलं नव्हतं. साहेबांनी बक्षीस हातात दिलं, फोटो काढले. त्याला काही दिसत नव्हतं.

गेटबाहेर आई म्हणाली, "संध्याकाळी त्या मावशीच्या घरी जा आणि खरं काय ते सांग."

"तूही चल ना, आई."

"मी कुठल्या तोंडाने येऊ रे?"