न भरलेल्या फॉर्मची तयारी

"हिचा कितवा अटेम्प्ट हाय गं?"

"दुसरा आसंल. बूट बघ की. पयल्या अटेम्प्टला कोन एवढं भारी बूट घेतंय!"

मी शिरूरच्या एका शाळेच्या मैदानावर कुंपणाला हात टेकून पोटऱ्या ताणत होते. बोलणाऱ्या दोघी माझ्यामागे चार हातांवर होत्या आणि आवाज कमी करायची त्यांना गरज वाटत नव्हती. वळून सांगायला हवं होतं की कितवाच नाही, मी पोलीस भरतीवाली नाही, मी नुसती पळते. पण आमच्याकडे 'नुसती पळते' असा प्रकार नसतो. शुगर असलेले काका चालतात, वजन उतरवायला आलेल्या काकू चालतात, आणि सकाळी साडेपाचला जी पळते ती भरतीची. मी वळले नाही. दुसरी पोटरी ताणली.

त्या महिन्यात माझा उजवा गुडघा दुखत होता. मी घरी बसून पुण्यातल्या एका ऑफिसचं काम करते. दिवसभर लॅपटॉप आणि सकाळी पळणं. मोबाइलमधल्या ॲपचं म्हणणं असं की मी फक्त पळते, पायात ताकद नाही, तेव्हा आठवड्यातून दोन दिवस हाय इंटेन्सिटी स्ट्रेंग्थ ट्रेनिंग करा. खाली व्हिडिओ होता. त्यातली बाई समुद्राकडे तोंड करून लोखंडी बार उचलत होती. शिरूरमधल्या जिममध्ये लेडीज बॅच अकरा ते बारा, आणि नेमकी तेव्हा माझी रोजची मीटिंग. तरी चौकशी करायला गेले, तर तिथल्या माणसाने मला गुलाबी डंबेल काढून दाखवले, बांगड्या दाखवाव्यात तसे.

मैदानावर मात्र मंगळवार आणि शुक्रवार 'ताकदीचा दिवस' असायचा. सैन्यातून निवृत्त झालेले एक सर भरतीच्या मुलींना फुकट शिकवत. ट्रॅक्टरचं जुनं टायर उलटवत न्यायचं, मुरूम भरलेली युरियाची गोणी खांद्यावर घेऊन उठाबशा काढायच्या, जोडीदारणीला पाठीवर घेऊन चढ चढायचा. मग थोडा दम आणि पुन्हा पहिल्यापासून, अशा चार फेऱ्या. मी लांबून बघायचे. एका मंगळवारी सर ओरडले, "ए निळा टी-शर्ट! बघती काय? लाइनीत ये!"

नाही म्हणायला निदान एक पूर्ण वाक्य लागतं. लाइनीत जायला काहीच लागत नाही. मी गेले.

सर कुणालाच नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. "ए वरवंड, कंबर सरळ!" "कोरेगाव, श्वास घे, मरशील!" मला गाव विचारलं आणि मी शिरूर झाले. मैदान शिरूरचं असून शिरूरची मी एकटीच निघाले. बाकीच्या गावोगावच्या, इथे खोल्या घेऊन राहणाऱ्या.

वजन बघून जोड्या लागल्या. माझी जोडीदारीण पाबळ. पहिल्याच दिवशी तिने मला गवताच्या भाऱ्यासारखं पाठीवर टाकलं आणि चढ चढून गेली. माझी पाळी आली तेव्हा मी तिला घेऊन तीन पावलं टाकली आणि दोघी मातीत.

"आगं, गुडघ्यानं काय उठतीस?" ती पडल्या पडल्याच म्हणाली. "ढुंगान मागं घे. खुर्ची हाय म्हनून बस. आन् मग जिमिनीला ढकल."

एवढंच सांगायला व्हिडिओतल्या बाईला बारा मिनिटं लागली होती.

माझा आठवडा बदलला. सोमवारी हलकं पळणं, मंगळवारी टायर, गुरुवारी वेगाचं, शुक्रवारी गोणी, रविवारी लांबचं. ॲप ज्याला 'प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड' म्हणायचं त्याला सर "गोनीत आज दोन घमेली वाढवा" म्हणायचे. पहिले दोन आठवडे मी घरचा जिना कठडा धरून उलटी उतरत होते. आईने विचारलं, "पडलीस का कुठे?" मी म्हटलं, "हं." 'हं' हा माझा मराठीतला सगळ्यात सरावाचा शब्द आहे.

एकदा पुशअप मोजायची पाळी माझ्यावर आली. अठ्ठेचाळीसपर्यंत नीट आले. पुढे मी अडकले, आणि सगळी लाइन हातांवर थरथरत अडकली. "फोर्टी नाइन," मी म्हटलं.

"आय्या!" वरवंड मातीवर आडवी होऊन हसायला लागली. "कान्व्हेंट घुसलंय गं आपल्यात! ही सायेबच होनार. आपल्याला उन्हात सलाम ठोकाया लावनार."

त्या दिवसापासून मी भरतीची आहे याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नाही. इंग्रजी येणारी मुलगी उगाच युरियाची गोणी कशाला उचलेल? फॉर्म सुटले तेव्हा पाबळने विचारलं, "भरलास का?"

"हं," मी म्हटलं.

तिसऱ्या महिन्यात गुडघा दुखायचा थांबला. कधी थांबला ते कळलंच नाही. एके दिवशी लक्षात आलं, एवढंच. आठशे मीटरला मी पहिली यायला लागले. पाबळ दुसरी. शेवटच्या वळणावर तिचा श्वास माझ्या खांद्याशी ऐकू यायचा. मी पुढे राहिले की तीही ओढली जाते, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं म्हणजे मला पुढे असणं आवडायला लागलं होतं. शाळेत खेळाच्या तासाला पोट दुखतंय म्हणून वर्गात बसणारी मुलगी मी. इथे मला कसली भीती नव्हती. ज्या परीक्षेला बसायचंच नाही तिच्यात पहिलं येणं फार सोपं असतं.

पाबळला बसायचं होतं. दम खाताना एकदा म्हणाली, "ह्या टायमाला न्हाई झालं, तर दादानं कोरेगाव भीमाला एका कंपनीत पॅकिंगला बोलून ठेवलंय. त्यो म्हनतो, दोनदा पळून झालं की, आता बास." मी त्यावरही हं म्हटलं.

मग एका रविवारी सरांनी आम्हाला सराव चाचणीला दौंडला नेलं. तिथे भरतीच्या मैदानासारखं आखलेलं एक मैदान होतं. वरवंडच्या मामांचा फुलांचा पिकअप मिळाला. न्हावरा, चौफुला, वरवंड करत आम्ही झेंडूच्या पाकळ्यांवर बसून गेलो. वरवंड आलं तेव्हा वरवंडने उठून गावाला कडक सलाम ठोकला. पाबळ सगळ्या रस्त्याने डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, झोपली.

आठशेत मी पहिली, ती दुसरी. शंभरमध्येही तेच. गोळा तिने माझ्यापेक्षा कितीतरी लांब फेकला. सर वही घेऊन बेरीज करायला बसले आणि मी पाण्याच्या टाकीमागच्या नळावर बाटली भरायला गेले. टाकीच्या पलीकडे दोघी बोलत होत्या.

"उद्या दादाला हो म्हनून सांगते," पाबळ म्हणाली.

"येडी का काय? दुसरी आलीस की!" ही वरवंड.

"तीन म्हैने हाडं मोडली, पर ह्या म्हैन्यात त्या शिरूरच्या पुढं एकदा न्हाई गेले. आपल्या एवढ्याशा लाइनीत ही, तर आख्ख्या जिल्ह्यात हिच्यासारख्या किती आसतील? माझा न्हाई लागत नंबर. उगा घरच्यांला किती दीस थांबवू?"

बाटली भरून वाहत होती. मी नळ बंद केला नाही, कारण बंद केला असता तर मी तिथे आहे हे कळलं असतं.

सांगायचं ते सोपं होतं. सांगितलं की लाइनीतून बाहेर, हेही उघड होतं. टायर सरांचं, गोणी सरांची, आणि तीन महिने 'हं' म्हणणाऱ्या मुलीला पाबळ पुन्हा पाठीवर कशाला घेईल? मी मनात चार वाक्यं जुळवली. चारही इंग्रजीत आली आणि चारही 'अ‍ॅक्च्युअली'ने सुरू होत होती. बाजूला घेऊन तिला एकटीलाच सांगावं, असंही वाटलं. परत जाताना. किंवा उद्या. पण उद्या ती दादाला हो म्हणणार होती.

सरांनी शिट्टी मारली. सगळ्या पिकअपजवळ उभ्या राहिल्या.

"पयली, शिरूर," सरांनी वाचलं. "पाबळपेक्षा एका मार्कानं. बाकीच्यांनी हिच्याकडनं शिका जरा. आन् शिरूर, सगळ्यांनी फॉर्मच्या झेरॉक्स दिल्या, तुझीच राहिली. उद्या घेऊन ये."

टाळ्या वाजल्या. पाबळनेही वाजवल्या, मनापासून, आणि पिकअपचा फाळका उघडायला वळली.

"सर," मी म्हटलं. आवाज इतका मोठा निघाला की तिचा हात तिथेच थांबला. "झेरॉक्स नाही माझ्याकडे. मी फॉर्मच भरलेला नाही. मी नुसती पळते. पहिली पाबळ आली."