सूनबाईच्या हिरड्या

भूकंपात गावातलं घर पडलं, तसं आम्ही लातूरला आलो. पुढं क्लासच्या पोरांची गर्दी वाढत गेली आणि मी खानावळ काढली. शाळा माझी दुसरीपर्यंतच, पण डॉक्टर व्हायला निघालेली पोरं माझ्या हातची आमटी वाढून घ्यायची. चपात्या सूनबाई लाटायची.

तिला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हाची गोष्ट. भाकरीचा तुकडा चावला की त्याला रक्त लागायचं. हिरड्या सुजून जांभळ्या झाल्या होत्या. एकदा म्हणाली, "मामा, दाताच्या डॉक्टरला दाखवू का? लई ठणकायलंय."

"पोटुशी बाई दाताला हात लावू देत न्हाई," मी म्हणलो. "एका लेकरामागं एक दात जातोच. सासूला विचार तुझ्या."

आमची म्हातारी चुलीपुढून बोलली, "माझे चार गेले. ह्यांचा एकबी गेला न्हाई, म्हणून तर एवढं तोंड चालतंय."

मी ऐकलं नाही. जुन्या तव्यावर तंबाखू जाळली, मिसरी कुटली आणि सूनबाईला दिली. म्हणलो, घासून लाव, रक्त थांबतंय. ती रोज दोनदा लावायची. माझा शब्द होता ना.

सातव्या महिन्यातच कळा आल्या. मुलगी झाली. माझ्या पंजात मावेल एवढीच. दवाखान्यात काचेच्या पेटीत दोन दिवस होती. मग गेली.

डॉक्टरीणबाईंनी सूनबाईचं तोंड उघडून बघितलं. "मिसरी कोण देतं हिला?"

"मीच. रक्त थांबतंय त्यानं," मी म्हणलो.

"हिरड्या अशा सडल्या की लेकरू लवकर येण्याचा धोका वाढतो, बाबा. तंबाखूनं तर आणखीच. ह्यानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. पण पोटात लेकरू असतानाही दात दाखवता येतात."

"भूकंपातून वाचलेली माणसं आम्ही, मिसरीनं काय होतंय?" असं म्हणून मी तिथंच भांडलो. सूनबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती.

तीन वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. या वेळी मीच तिला दाताच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर पोरगाच होता. हिरड्या बघता बघता त्यानं विचारलं, "पहिलंच का?"

"दुसरं," सूनबाई म्हणाली.

"पहिलं केवढं आहे?"

ती माझ्याकडं बघत राहिली.

"दोन दिवसांचं होतं," मी सांगितलं. "माझ्या हट्टापायी गेलं."