खंडेनवमीची साफसफाई

आमची वस्ती सोलापूरच्या एमआयडीसीच्या उताराला. वरच्या अंगाला तारांचा कारखाना, आणि तिथं तारांचा गंज काढायला अ‍ॅसिड वापरतात. पाऊस पडला की आवारातलं सगळं आंबट पाणी ओढ्यात यायचं आणि ओढ्यातून आमच्या विहिरीत. थोरल्या वहिनींनी चहा टाकला की दूध फाटायचं. दारात आलेल्या माणसाला चहासुद्धा देता येत नाही, याची त्यांना भारी लाज वाटायची. ज्यांना वाटायला हवी होती, ते कंपाउंडला रंग देण्यात गुंतले होते.

पुष्कळ आरडाओरड केल्यावर कारखान्यानं ओढ्याच्या तोंडाशी एक उथळ तळं खणलं, तळाला चुनखडीचे दगड पसरले आणि पाणकणीस लावायला आम्हालाच बोलावलं. चुनखडीनं पाण्याचा आंबटपणा मारायचा, गंज खाली गाळात बसायचा आणि पाणकणसाच्या मुळांनी तो धरून ठेवायचा, असं ते काम. मला काही पटलं नव्हतं. पण पुढच्या पावसाळ्यानंतर तळ्यात बेडूक ओरडू लागले, आणि एका सकाळी वहिनींनी विहिरीच्या पाण्याचा चहा माझ्यापुढं ठेवला.

"बगा भावजी, फाटला न्हाय!"

मी आणखी एक कप मागून घेतला. सुख वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा, मालक येणार, म्हणून सगळं आवार घासूनपुसून लख्ख करायचं ठरलं. मॅनेजरसाहेबांना आमचं तळं घाण दिसलं. पाणकणीस कापलं, तांबडा गाळ उपसून ओढ्याच्या काठावर टाकला. दगडांवरचा गंज काही निघेना, तेव्हा फरशी धुतात तसं त्यांच्यावर अ‍ॅसिड ओतलं. चुनखडीवर अ‍ॅसिड! मी कुंपणापाशी घसा फोडून ओरडत होतो, आत सनईची कॅसेट लावली होती. दगड फसफसले, पांढरेशुभ्र झाले आणि त्यांच्यावर झेंडूच्या माळा चढल्या. संध्याकाळी परतीच्या पावसानं सगळं धुऊन खाली आणलं.

दसरा होऊन गेल्यावर साहेब आपट्याचं सोनं द्यायला वस्तीवर आले. शेजारधर्म म्हणे! माझ्या मस्तकात तिडीक गेली, पण वहिनींनी म्हशीची धार काढून चहा टाकला. कपात चोथा तरंगत होता.

"दूध नासलंय वाटतं," साहेब म्हणाले.

"दूद आत्ताच काडलंय की, सायेब. पानी नासलंय."

साहेबांनी ड्रायव्हरला गाडीतली पाण्याची बाटली आणायला सांगितली. वहिनींनी त्या पाण्याचा दुसरा चहा केला. तो फाटला नाही.

"आता कसा फक्कड झाला!" म्हणत साहेब चवीनं प्यायले. वहिनींच्या हातावर सोनं ठेवलं. उरलेली बाटली तेवढी आठवणीनं गाडीत घेऊन गेले.